रडार आजारी पडते तेव्हा

मे महिना सरत आला की बुऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यातल्या केळी बागायतदाराची नजर आभाळाला लागते. घड भरत आलेले असतात, खोडात पाणी असते आणि केळीची मुळे उथळ. अर्धा तास वादळी वारा सुटला तरी वर्षभर जपलेली बाग आडवी होते. त्यामुळे आता बांधावर उभे राहून ढग पाहणारा माणूस दुसऱ्या हाताने मोबाइलवर रडारचे चित्रही पाहतो. हिरवा म्हणजे हलका पाऊस, पिवळा म्हणजे जोराचा, लाल दिसला की सावध.

हे चित्र आपण डोळे झाकून खरे मानतो. पण ते काढणारे यंत्र माणसासारखेच थकते, तापते, कधी बहिरे होते, कधी त्याचा आवाज बसतो. मग त्याचा आजार शोधायला तंत्रज्ञ बसतात. ते काय पाहतात, कोणत्या क्रमाने पाहतात आणि त्याचा आपल्या बागेशी काय संबंध आहे, ते या लेखात पाहू.

हाक आणि तिचा प्रतिध्वनी

असीरगडाच्या पायथ्याशी उभे राहून मोठ्याने हाक मारली तर कड्यावर आपटून ती परत येते. हाक जाऊन यायला किती वेळ लागला हे मोजले की कडा किती दूर ते सांगता येते. रडारही हेच करते. फक्त त्याची हाक रेडिओलहरींची असते आणि ती सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. दीडशे किलोमीटरवरच्या ढगावरून तिचा प्रतिध्वनी सेकंदाच्या हजाराव्या भागात परत येतो.

हाक मारणारा भाग म्हणजे ट्रान्समीटर, म्हणजेच प्रक्षेपक. परतीचा प्रतिध्वनी ऐकणारा भाग म्हणजे रिसीव्हर, म्हणजेच ग्राही. दोघे बहुधा एकच अँटेना वाटून घेतात आणि खरी अडचण इथेच सुरू होते.

हवामानाच्या मोठ्या एस-बँड रडारची लहर सुमारे १० सेंटिमीटर लांबीची असते. त्याच्या हाकेची ताकद साडेसातशे किलोवॅटच्या घरात जाते, पण ती हाक टिकते सेकंदाचा दहा लाखावा भाग. अशा हाका सेकंदाला सहाशे मारल्या तर सरासरी ताकद भरते अवघी ४५० वॅट, म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिक्सरएवढी. परत येणारा प्रतिध्वनी मात्र अतिशय क्षीण असतो. एका वॅटचे शंभर लाख कोटी भाग करावेत आणि त्यातला एक भाग ओळखावा, इतके तिखट कान ग्राहीला लागतात. ढोलताशाच्या पथकात उभे राहून दूरच्या देवळातली घंटा ऐकण्यासारखे हे काम आहे. म्हणून दोघांच्या मध्ये एक झडप असते. हाक सुटताना ती ग्राहीचे कान झाकते आणि लगेच उघडते. तंत्रज्ञ तिला टीआर म्हणतात. ही झडप पुढे पुन्हा येणार आहे.

बंद पडलेले रडार परवडले

रडार पूर्ण बंद पडले तर सगळ्यांना कळते. पडदा कोरा होतो, फोन सुरू होतात, दुरुस्तीची माणसे निघतात. खरा धोका असतो तो चालू असूनही अर्धवट काम करणाऱ्या रडारचा.

समजा प्रक्षेपकाची ताकद निम्म्यावर आली. शंभर किलोमीटरवर दिसणारे विमान आता किती अंतरावर दिसेल? पन्नास नव्हे, चौऱ्याऐंशी किलोमीटरवर. कारण विमानासारख्या लहान लक्ष्यासाठी पल्ला ताकदीच्या चौथ्या मुळाप्रमाणे बदलतो. म्हणजे निम्मी ताकद गेली तरी पडदा जवळजवळ पूर्वीसारखाच दिसतो आणि पाहणाऱ्याला शंका येत नाही.

पावसाच्या बाबतीत हिशेब आणखी चुकतो. प्रतिध्वनीच्या ताकदीवरून पावसाचा जोर काढण्याचे एक सूत्र मार्शल आणि पामर या दोघांनी १९४८ साली मांडले, ते आजही वापरात आहे. त्याप्रमाणे ताकद निम्मी झाली की तासाला ५० मिलिमीटर पडणारा पाऊस रडारला सुमारे ३२ मिलिमीटर वाटतो. चित्रातला लाल रंग पिवळ्याकडे सरकतो. यंत्र चालू आहे, चित्र येते आहे, कोणी खोटे बोललेले नाही, तरी इशारा मात्र सौम्य झालेला असतो.

म्हणून रडारच्या दुरुस्तीत ‘चालू आहे का’ एवढे विचारून भागत नाही. ‘पूर्वीएवढे चालते का’ हे रोज विचारावे लागते आणि त्यासाठी कालचे आकडे वहीत असावे लागतात.

आधी पडद्यावरचे गवत पाहा

चांगला वैद्य लगेच सुरी घेत नाही. आधी चेहरा पाहतो, जीभ पाहतो, नाडी धरतो. रडारचा तंत्रज्ञही झाकण उघडण्याआधी पडदा पाहतो आणि ड्युटीवरच्या माणसाला विचारतो: हे कधीपासून होते आहे, एकदम झाले की हळूहळू, त्याआधी वीज गेली होती का, पाऊस होता का, कोणी काही बदलले का. निम्मे निदान या प्रश्नांतच होते.

पडद्यावर दोन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे गवत. कोणताही प्रतिध्वनी नसला तरी ग्राहीतून बारीक खरखर येत असते. जुन्या रडारच्या पडद्यावर ती गवताच्या पात्यांसारखी दिसे, म्हणून तिला गवतच म्हणू लागले. आजच्या संगणकी रडारमध्ये ती पातळी आकड्यात दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे ओळखीचे डोंगर. प्रत्येक रडारभोवती काही डोंगर, टॉवर, उंच इमारती असतात. त्या रोज त्याच जागी, जवळपास त्याच ताकदीने दिसायला हव्यात.

या दोन खुणांवरून चार शक्यता निघतात.

गवत आहे, पण डोंगर नाहीत. म्हणजे ग्राहीचा बराचसा भाग जिवंत आहे. हाक जात नसेल, किंवा हाक एका सुरात आणि कान दुसऱ्या सुरात असतील.

गवतच नाही. म्हणजे ग्राही, त्याचा वीजपुरवठा किंवा पडद्यापर्यंतची वाट यांत दोष. प्रक्षेपकाकडे आत्ताच धावायचे कारण नाही.

गवत आहे, जवळचे डोंगरही आहेत, पण दूरचा पाऊस फिका पडला. म्हणजे ताकद किंवा संवेदना घटली आहे. हा सर्वांत फसवा आजार.

गवत एकदम वाढले, किंवा एका दिशेला किरणासारखा पट्टा उमटला. म्हणजे बाहेरून कोणीतरी त्याच सुरात बोलते आहे. सी-बँड रडारला असा त्रास ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायमुळे होतो आणि जगभर तो ठाऊक आहे. दोष रडारमध्ये नसतो, शेजारच्या गच्चीवर असतो.

कुंडी भंडाऱ्याचा धडा

यानंतर प्रश्न येतो, की दोष नेमका कोणत्या टप्प्यात आहे. त्याचे उत्तर शोधण्याची रीत आपल्या गावच्या कुंडी भंडाऱ्यावरून छान समजते. अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या कुशीतले पाणी भूमिगत बोगद्यांतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले गेले. बोगद्यावर थोड्याथोड्या अंतराने विहिरीसारख्या कुंड्या आहेत, शंभरावर.

समजा शेवटच्या हौदात पाणी येईनासे झाले. पहिल्या कुंडीपासून एकेक पाहत गेलो तर शंभर वेळा वाकून पाहावे लागेल. शहाणा माणूस थेट मधल्या, पन्नासाव्या कुंडीत डोकावेल. तिथे पाणी असेल तर अडथळा पुढच्या निम्म्यात आहे, नसेल तर मागच्या निम्म्यात. मग त्या निम्म्याचा मध्य पाहायचा, आणि असेच पुढे. शंभर कुंड्यांसाठी जास्तीत जास्त सात तपासण्या पुरतात.

रडारमध्येही वीजपुरवठा, मॉड्युलेटर, क्लायस्ट्रॉन किंवा मॅग्नेट्रॉन, लहरवाहक नळी, फिरता सांधा, अँटेना अशी हाकेची साखळी असते. परतीच्या वाटेवर झडप, पहिला वर्धक, मिक्सर, मधले वर्धक, संगणक अशी ऐकण्याची साखळी. प्रत्येक साखळीच्या मध्यावर मोजमापाची जागा ठेवलेली असते. नवखा माणूस ज्या भागावर संशय असेल तो बदलून पाहतो, मग दुसरा, मग तिसरा. त्यात सुटे भाग संपतात आणि कधी नवा दोष पदरात पडतो. अनुभवी माणूस मध्यावर मोजतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो.

प्रक्षेपकाचे आजार

प्रक्षेपकाच्या बहुतेक तक्रारी उष्णता, ओल आणि उच्च दाब या तिघांभोवती फिरतात.

पहिला नेहमीचा प्रसंग: बटण दाबले, पण हाय व्होल्टेज चढत नाही. अशा वेळी महागड्या नळीवर संशय घेण्याआधी साध्या गोष्टी पाहाव्यात. मोठ्या नळीचा तंतू आधी काही मिनिटे तापावा लागतो आणि तोवर यंत्र मुद्दाम अडून राहते. कपाटाचे दार नीट लागले नसेल, थंड हवेचा पंखा मंद झाला असेल, गाळणीत धूळ साचली असेल, तरी सुरक्षेची साखळी वीज अडवते. हे यंत्राचे शहाणपण आहे. दाराचा स्विच बांधून ठेवून यंत्र चालवणे म्हणजे तापाची गोळी देऊन आजार झाकणे.

दुसरा प्रसंग: यंत्र चालू होते आणि काही मिनिटांनी ट्रिप होते. इथे लहरवाहक नळी पाहावी. धातूच्या या पोकळ नळीतून साडेसातशे किलोवॅटची हाक अँटेनाकडे जाते. तिच्यात कोरडी हवा दाबाने भरलेली असते. सांध्यातून हवा गळली, ओल शिरली, की आत ठिणगी उडते आणि हाक मागे फिरते. मागे फिरलेली ताकद ठरावीक मर्यादेबाहेर गेली की यंत्र स्वतःला बंद करते. जोडणी ढिली असली, रबरी कडी जुनी झाली, हवा कोरडी करणारे यंत्र थकले, की पावसाळ्यात हा त्रास हमखास उद्भवतो.

तिसरा प्रसंग: नळीचे म्हातारपण. मॅग्नेट्रॉन हा घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्येही असतो. त्याचे आजचे रूप रँडल आणि बूट यांनी १९४० साली बर्मिंगहॅममध्ये घडवले. रडारमधला मॅग्नेट्रॉन थकू लागला की त्याचा प्रवाह हलतो, मधूनमधून हाका गळतात, सूर सरकतो. मोठ्या हवामान रडारमध्ये क्लायस्ट्रॉन असतो. त्याचा सूर पक्का, पण ताकद हळूहळू ओसरते. म्हणून रोजच्या नोंदीत त्याचा प्रवाह आणि बाहेर पडणारी ताकद लिहिली जाते. एका दिवसाचा आकडा फारसे बोलत नाही, सहा महिन्यांचा उतार मात्र स्पष्ट दिसतो.

मॉड्युलेटर म्हणजे ठरल्या क्षणी विजेचा तडाखा देणारा भाग. त्यातला एखादा कपॅसिटर किंवा स्विच निकामी झाला की हाकेचा आकार बिघडतो. ऑसिलोस्कोपवर तो आकार पाहिला की लगेच कळते: माथा सपाट हवा तिथे उतरता असतो.

या कामात जीवाची जोखीम आहे. मोठ्या क्लायस्ट्रॉनला पन्नास हजारांच्या पुढे व्होल्ट लागतात. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ती साठून राहते. म्हणून कपाट उघडल्यावर पहिला स्पर्श हाताचा नव्हे, जमिनीला जोडलेल्या दांडीचा. एकट्याने हे काम करायचे नाही, हा नियम जुन्या तंत्रज्ञांनी कधी मोडू दिला नाही.

ग्राहीचे आजार

आता टीआर झडपेकडे परत येऊ. ती नीट बंद होत नसेल तर प्रत्येक हाकेचा थोडा तडाखा ग्राहीच्या पहिल्या वर्धकाला बसतो. तो एका दिवसात मरत नाही, हळूहळू बहिरा होतो. जवळचे डोंगर ठळक दिसतात, पण दूरचे क्षीण ढग नाहीसे होतात. अशा वेळी वर्धक बदलला की रडार सुधारते, सगळे खूश होतात आणि महिन्याभरात नवा वर्धकही जातो. कारण झडप तीच राहिलेली असते. जळालेला भाग बदलणे ही दुरुस्ती झाली, तो का जळाला हे शोधणे म्हणजे निदान.

झडप उघडायला उशीर लावत असेल तर उलटे चित्र दिसते: दूरचे दिसते आणि अगदी जवळचे गायब होते.

आणखी एक प्रसिद्ध कोडे आहे. ताकद मोजली तर पूर्ण, गवत ठीक, तरी प्रतिध्वनी नाही. म्हणजे ढोल वाजतो आहे, कानही चांगले आहेत, पण कान भलत्या सुराला लावलेले आहेत. ग्राहीतला स्थानिक ऑसिलेटर सरकला किंवा मॅग्नेट्रॉनच्या सुरामागे त्याला नेणारी स्वयंचलित व्यवस्था बिघडली की असे होते. नव्याने काम शिकणाऱ्याला हा दोष फार छळतो, कारण प्रत्येक भाग सुटा तपासला तर निरोगी निघतो.

ग्राहीची परीक्षा घ्यायला ठरावीक ताकदीचा कृत्रिम संकेत आत सोडतात आणि किती क्षीण संकेतापर्यंत तो ऐकू येतो ते पाहतात. पण सगळ्यात सुंदर परीक्षक आकाशात आहे. सूर्य प्रकाशाबरोबर रेडिओलहरीही पाठवतो. उगवता किंवा मावळता सूर्य अँटेनाच्या समोर आला की रडारच्या चित्रात केंद्रापासून कडेपर्यंत एक बारीक रेघ उमटते. सूर्य त्या क्षणी नेमका कुठे आहे हे गणिताने माहीत असते. रेघ दुसरीकडे दिसली तर अँटेनाची दिशा चुकते आहे. रेघ नेहमीपेक्षा फिकी असेल तर ग्राहीवर संशय घ्यावा. कॅनडातल्या पेंटिक्टन येथे १०.७ सेंटिमीटर लहरीवर सूर्याची ताकद रोज मोजली जाते, त्यामुळे तुलनेला आकडाही मिळतो.

आणि शेवटचा, सर्वांना घाम फोडणारा प्रकार: कधी येणारा, कधी जाणारा दोष. दुपारी बिघडते, रात्री चांगले. अँटेना एका ठरावीक दिशेला वळली की खरखर होते. अशा दोषात यंत्रापेक्षा वही जास्त उपयोगी. वेळ, तापमान, दिशा, पाऊस यांची नोंद ठेवली की नमुना दिसू लागतो. दुपारचा दोष तापणाऱ्या सांध्याकडे बोट दाखवतो, ठरावीक दिशेचा दोष फिरत्या सांध्याकडे किंवा सरकत्या कड्यांकडे.

मुंबई, भोपाळ, नागपूर आणि आपण

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७४. दोन पर्जन्यमापकांच्या मध्ये काय चालले आहे हे रडारशिवाय कळत नाही, हा धडा त्या दिवसाने दिला. कुलाब्याला डॉप्लर रडार २०१० मध्ये सुरू झाले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून जात असतानाच ते बंद असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या, तेव्हा एकाच यंत्रावर भिस्त ठेवण्याचा धोका लोकांना समजला. जानेवारी २०२२ मध्ये वेरावलीचे दुसरे रडार सुरू झाले. दोन रडारे एकच ढग पाहत असतील तर एक दुसऱ्याची चूक पकडू शकते. दुरुस्तीच्या दृष्टीने हा मोठा फायदा आहे.

आता आपल्याकडे पाहू. बुऱ्हाणपूरपासून भोपाळचे मोठे रडार सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटर, नागपूरचे ३०० च्या जवळ. पृथ्वी गोल असल्याने किरण दूर जाताना जमिनीपासून वर वर जातो. सर्वांत खालचा किरण अर्ध्या अंशाने सोडला तरी भोपाळहून निघालेला किरण आपल्या डोक्यावर सुमारे सहा किलोमीटर उंचीवर असतो, नागपूरचा साडेसातच्याही वर. म्हणजे ही रडारे आपल्या वादळाचा माथा पाहतात. बागेत शिरणारा वारा त्यांच्या नजरेच्या खालून जातो.

त्यात यंत्राची ताकद घटली तर काय होईल? रडारच्या शेजारच्या गावाला फारसा फरक जाणवणार नाही. पुसले जातील ते काठावरचे क्षीण प्रतिध्वनी, आणि आपण काठावरच आहोत. भोपाळच्या क्लायस्ट्रॉनचा उतरता आकडा किंवा नागपूरच्या ग्राहीचा बहिरेपणा हा तिथल्या अभियंत्याचा प्रश्न वाटतो, पण त्याची किंमत आधी इथल्या बागेला मोजावी लागते.

म्हणून चित्र पाहताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चित्रावरची वेळ वाचावी. ती बऱ्याचदा यूटीसीमध्ये असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावेत. चित्र तासापूर्वीचे असेल तर त्यावर विसंबू नये. काठावर रंग नाही म्हणजे ढग नाही, असे समजू नये. एका चित्राऐवजी लागोपाठची चार-पाच चित्रे पाहावीत आणि ढग कोणत्या बाजूला सरकतात ते बघावे. शेजारच्या दोन रडारांत एकच ढग फार वेगळा दिसत असेल तर जो जास्त गंभीर दाखवतो तो धरून चालावे. हवामान खात्याचा तीन तासांचा तात्कालिक इशारा आणि विजेसाठी पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जोडीला ठेवावे. आणि ढग अंगावर आला असेल तर मोबाइल खिशात ठेवून आधी शेतातून बाहेर पडावे.

आपल्या कितीतरी घरांतली मुले इलेक्ट्रॉनिक्स शिकतात आणि पदवीनंतर केवळ सॉफ्टवेअरकडे वळतात. त्यांना हे कामही दाखवायला हवे. ऑसिलोस्कोपवर एका तडाख्याचा आकार पाहून, वहीतला सहा महिन्यांचा उतार वाचून, उद्याच्या इशाऱ्यात होऊ घातलेली चूक आजच पकडणे, यात बुद्धीला आव्हान आहे आणि गावाच्या उपयोगी पडल्याचे समाधानही. दुरुस्ती करणाऱ्याचे नाव रडारच्या चित्रावर कुठेच येत नाही. पण लाल रंग लालच दिसला आणि शेतमजूर वेळेत बागेतून बाहेर पडले, तर त्यात त्याचाही वाटा असतो.